आधी पाण्याचा हंडा

आमच्या घरात मापाची पट्टी माझ्याकडे असायची आणि ओझं जोमाकाकाकडे. पट्टी म्हणजे आईच्या शिवणयंत्राच्या खणातली पिवळी कापडी पट्टी, साठ इंची. तिचे पहिले दोन इंच झिजून आकडे पुसले गेले होते, म्हणून मी दोनच्या खुणेपासून माप घ्यायची आणि शेवटी दोन वजा करायची. अजूनही स्टीलची फीत हातात असताना मी कधी कधी चुकून दोन वजा करते आणि माझा मुलगा हसतो. त्याला मी कारण सांगितलेलं नाही. ते इथे लिहिते आहे.

जोमाकाका माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, पाठचा भाऊ. आमच्या दाराची चौकट सहा फुटांची होती आणि तो वाकून आत यायचा. भरलेले दोन गॅस सिलिंडर तो दोन हातांत दुधाच्या किटल्यांसारखे धरून आणायचा. पन्नास किलोची तांदळाची गोण एका खांद्यावर घेऊन दुसऱ्या हाताने तो मला रस्ता ओलांडायला धरायचा. समज मात्र पाच-सहा वर्षांच्या पोराएवढी राहिली होती. लहानपणी ताप डोक्यात गेला असं आजी सांगायची. तसंच झालं असेल असं मी म्हणणार नाही, कारण आजीच्या तोंडी बऱ्याच गोष्टींचं कारण तापच असायचं. त्याला आज आणि उद्या यांतला फरक सांगता येत नसे. नोटा त्याला चित्रांवरून आवडायच्या. गावामागचा डोंगर फोडायचं काम तेव्हा चालू होतं. सुरुंग लावण्याआधी भोंगा वाजायचा आणि तो वाजला की एवढा मोठा माणूस हातातली भाकरी टाकून खाटेखाली शिरायचा. त्याचे पाय मात्र बाहेरच राहायचे. मग मी त्या पायांशी बसून मोठ्याने आकडे म्हणायची. शंभराच्या आत स्फोट होऊन जायचा आणि तो बाहेर येऊन उरलेली भाकरी शोधायचा.

आमचं गाव खांदेश्वर स्टेशनच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. शेती गेली होती आणि तिच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या. आबांनी उरलेल्या तुकड्यावर दोन मजली चाळ बांधून खोल्या भाड्याने दिल्या होत्या. गावाभोवतीच्या नव्या फ्लॅटांत रोज कोणीतरी राहायला येई. कोणी परळहून, कोणी चिपळूणहून, कोणी थेट घाटावरून. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी अडकायचा, इमारतीची लिफ्ट अजून बसलेली नसायची, आणि मग कोणीतरी विचारायचं, तो उंच माणूस कुठे आहे? आम्ही दोघं जायचो. मी दाराचं, जिन्याचं, वळणाचं आणि कपाटाचं माप घ्यायची आणि सांगायची, काका, आडवं नको, उभं ने, मागची बाजू आधी. तो तसंच न्यायचा. लोखंडी कपाट पाठीला दोरीने बांधून तो चार मजले चढायचा, आणि त्याच्यामागून घरातली पोरं आरडाओरडा करत यायची, कारण त्यांना ठाऊक असायचं की पुढची पत्र्याची पेटी नेताना काका त्यांना पेटीवर बसवून नेणार. त्याचा तो लाडका खेळ होता. पेटीवर बसलेलं पोर हसलं की तोही हसायचा.

घर बदलण्याची रीत त्याला आजीने शिकवली होती. आजी जाऊन दोन पावसाळे झाले तरी त्यात एका बोटाचाही फरक पडला नव्हता. आधी पाण्याने भरलेला हंडा नव्या घरात जायचा. मग स्टोव्ह किंवा शेगडी, आणि ती हंड्याजवळ मांडायची. मग कपाट, पेट्या, भांडी, गाद्या. घरात कोणी म्हातारं किंवा आजारी असेल तर ते सगळ्यांत शेवटी, खाटेसकट, आणि त्यांची खाट उजेडाकडे. आजारी माणसाला नव्या घरात अंधाराचा कोपरा द्यायचा नाही, असं आजीचं सांगणं होतं. सगळं झालं की ज्यांचं घर, ते चहा करायचे. काका मांडी घालून, बशीत ओतून चहा प्यायचा आणि उठताना म्हणायचा, “नव्या घरान बरी ऱ्हा.” परळहून आलेल्या बायकांना ते घरान ऐकून गंमत वाटायची, पण बऱ्याच जणी पदर डोक्यावर घेऊन त्याच्या पाया पडायच्या. तो फार लाजायचा.

चाळीच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून, शेषराव राहायचा. जालन्याकडचा माणूस, तळोज्याच्या एका रसायनाच्या कारखान्यात पाळीवर जायचा. त्याची बायको कमलताई आणि अंथरुणाला खिळलेले वडील, एवढीच माणसं. कमलताईच्या खोलीतून येणारा ज्वारीच्या भाकरीचा थापण्याचा आवाज आमच्या मागच्या पडवीत ऐकू यायचा. आमच्याकडे तांदळाची भाकरी, ती गुपचूप होते. आई म्हणायची, घाटावरच्या भाकरीला ढोल लागतो. पण कमलताईची शेंगदाण्याची चटणी आमच्याकडे यायची आणि आईचं सुकटीचं कालवण वर जायचं. कमलताई ते खात नसावी, पण वाटी धुऊन, त्यात चिमूटभर साखर घालूनच परत पाठवायची.

त्या वर्षी आबांनी चाळ पाडून तिथे चार मजली इमारत बांधायचं ठरवलं. बिल्डरला जागा रिकामी हवी होती. बाकीचे भाडेकरू एकेक करून गेले, दोन-तीन खालच्या खोल्यांतले जायच्या बेतात होते. शेषराव म्हणाला, म्हाताऱ्याला या उन्हात हलवता येत नाही, पावसाळा गेला की जातो. तो भांडला नाही. रोज कामावरून आल्यावर ओट्याशी उभा राहून तेच सांगायचा. आबा रोज जेवताना त्याचं नाव घ्यायचे. आबा वाईट माणूस होते असं लिहून मला मोकळं होता येणार नाही. माझी शाळेची फी त्यांनी कधी थकवली नाही, आणि आजी गेल्यावर जोमाकाकाचं ताट आधी वाढायला ते आईला सांगायचे. पण त्यांना एकदा एखादी गोष्ट हवी झाली की मधली माणसं दिसेनाशी व्हायची.

सकाळची न्याहारी चालू होती. भाकरी आणि भाजलेले बोंबील. आबा काकाला म्हणाले, “जोमा, आज जिन्यावरच्या खोलीतला घर बदलाचा हाय. सगळा सामान खाली, रस्त्याच्या कडेला ठेव.”

“टेम्पो कवा येल?”

“येल. तू ठेवून दे.”

काकाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, बायला नेतो मापाला. बाय म्हणजे मी. आबा म्हणाले, आज मापाची गरज नाही. मग पुरुषांच्या घाईने त्यांनी चपला घातल्या, पनवेलला जातो म्हणाले आणि निघाले. मला तेव्हा एवढंच खटकलं की माप न घेता कपाट त्या जिन्यावरून उतरणार कसं. जिना बत्तीस इंची होता आणि त्यांचं कपाट आमच्या घरच्यासारखंच, छत्तीस. आईने मला दळण घेऊन गिरणीत पाठवलं. तिने मुद्दाम पाठवलं का, हे मी तिला पुढे एकदा विचारलं. ती तांदूळ निवडत राहिली.

गिरणीत वीज गेली होती. दळण घेऊन मी परतले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गल्लीच्या वळणावरून मला पहिल्यांदा दिसलं ते कपाट, रस्त्याच्या कडेला, गटाराच्या फरशीवर उभं. त्याच्या शेजारी एक आख्खं घर मांडलेलं होतं. ढीग नव्हता. भिंती नसलेल्या खोलीसारखं ते होतं. हंडा भरलेला, त्यावर झाकण, झाकणावर पालथा पेला. हंड्याशेजारी स्टोव्ह, वातींच्या किल्लीची बाजू आत. भांडी उतरत्या मापाने रचलेली. देवांची तसबीर कपाटाला टेकवलेली, पूर्वेकडे तोंड करून. गाद्यांची वळकटी पत्र्याच्या पेटीवर. आणि सगळ्यांच्या पलीकडे, जिथे कसलीच सावली नव्हती अशा जागी, म्हातारबाबांची खाट. कमलताईने कपाटाच्या कडीपासून खाटेच्या पायापर्यंत एक लुगडं बांधलं होतं. त्याची सावली त्यांच्या छातीपर्यंत पुरत होती.

जोमाकाका हंड्याजवळ मांडी घालून बसला होता. घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला होता आणि तोंडावर काम झाल्याचा तो नेहमीचा आनंद होता. मला बघून म्हणाला, “बाय, चाय व्हते आता.”

काय काय घडलं ते मला खालच्या खोलीतल्या बाईने त्याच दिवशी सांगितलं आणि नंतर तिने ते पोलिसांनाही तसंच सांगितलं, म्हणून ते खरं धरायला हरकत नाही. कमलताईने आधी त्याला समजावलं. मग ती पेटी दारात ओढून तिच्यावर बसली, म्हणजे वाट अडेल. काका हसायला लागला. तिला घेऊन त्याने पेटी उचलली आणि हसत हसत जिना उतरला. ती किंचाळत होती आणि तो म्हणत होता, पडाची नाय, पडाची नाय. कपाट त्याने जिन्यावरून आणलंच नाही. गॅलरीचा कठडा काढून दोरीने एकट्याने खाली सोडलं. खाट शेवटी आणली. म्हातारबाबा खाटेवरच. अर्ध्या जिन्यात असताना डोंगराकडचा भोंगा वाजला. ती बाई म्हणाली, तो थांबला, डोळे मिटले, थरथरला, पण खाट वाकडी होऊ दिली नाही. भोंगा थांबल्यावर उरलेल्या पायऱ्या उतरला. सगळ्या सामानात एक बशीही फुटली नव्हती. उघड्या पडलेल्या खोलीला मग आबांच्या एका माणसाने येऊन कुलूप लावलं.

खालच्या खोल्यांची दारं बंद होती. त्यांनाही आमच्याच चाळीत अजून काही दिवस काढायचे होते. कमलताई म्हातारबाबांच्या ओठांवर ओलं फडकं फिरवत होती. तिचा आवाज चढलेला नव्हता. मला म्हणाली, “खाट सावलीत घे म्हटलं तर घेत नाही तो. उजेडाकडंच पाहिजे म्हणतो. मला एकटीला रेटत नाही. तू सांग त्याला, तुझं ऐकतो.”

मी पिशवी टाकली आणि काकाला सांगितलं. माझं ऐकून तो लगेच उठला, खाट उचलून भिंतीच्या सावलीत ठेवली, पण त्याला ते पटलं नव्हतं. दोनदा मागे वळून बघत तो परत हंड्याजवळ येऊन बसला. कमलताई त्याच्याकडे बघत राहिली.

“हा कशाची वाट बघतोय?” तिने विचारलं.

मी म्हणाले, “चहाची.”

तिने ओलं फडकं खाटेच्या कडेवर टाकलं. मग रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली, स्टोव्ह पेटवला, हंड्यातलं पाणी घेतलं, डबा उघडून साखर काढली. कोणते डबे कुठे आहेत हे तिला शोधावं लागलं नाही. त्याने घरातल्यासारखेच मांडले होते. सायकलवाले थांबून बघत होते. चहा तिने बशीसकट त्याच्या पुढे ठेवला आणि मला म्हणाली, “तुमच्यात रीत आहे ना. घ्या म्हणावं.”

त्याने बशीत ओतून चहा प्यायला, कप पालथा ठेवला, उठला आणि म्हणाला, “नव्या घरान बरी ऱ्हा.”

शेषराव पाळी संपवून संध्याकाळी आला. रिक्षातून वडिलांना दवाखान्यात नेलं. ते त्याच रात्री गेले. ऊन लागूनच गेले असं मी छातीठोक म्हणणार नाही, ते आधीपासून आजारी होते. पण सकाळी ते खोलीत होते आणि कमलताईने भरवलेली पेज त्यांनी घेतली होती, एवढं नक्की.

नंतरचे दिवस आमच्या घरात भांड्याला भांडं लागल्याचाही आवाज होत नव्हता. आई भाकऱ्या करायची आणि त्या तशाच टोपलीत राहायच्या. काका एकटाच पोटभर जेवत होता. शेषरावने तक्रार दिली. पोलीस आले, त्यांनी विचारलं, सामान कोणी काढलं? सगळ्यांनी बघितलं होतं. जोमाने. आबा म्हणाले, माझ्या भावाचं डोकं ठिकाणावर नाही, लोकांचं सामान हलवायची त्याला खोड आहे, मी तर पनवेलला होतो. ते पनवेलला होते हे खरंच होतं.

शेषराव आमच्या ओट्यापाशी आला. रोज यायचा त्याच जागी उभा राहिला. हवालदार होता, गावातली चार माणसं होती. तो म्हणाला, “ज्यानं उचललं त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्यानं उचलायला सांगितलं त्याचं नाव पाहिजे.” आणि काकाकडे वळून विचारलं, “भाऊ, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

काकाला कोणी भाऊ म्हटलं की बरं वाटायचं. त्याने आबांकडे बोट करून सांगितलं, “दादानी. दादा बोल्ला, घर बदलाचा हाय.” आणि मग, काहीतरी राहून गेलं असं वाटून, त्याने विचारलं, “टेम्पो आला ना?”

 आबा म्हणाले, बघताय ना कसं बोलतो ते. वेड्याच्या बोलण्यावर तुम्ही जाणार का? हवालदाराने मान हलवली. इतक्या वर्षांनी हे वाचून माझी मुलगी मला विचारते, की कोणी खरं का सांगितलं नाही. तिला मी सांगते, खरं सांगितलं गेलं होतं, दिवसाढवळ्या, साक्षीदारांसमोर, आणि सगळ्यांनी ते ऐकलं होतं. तिथे माहितीची उणीव नव्हती.

तोडगा असा निघाला की जोमाकाकाला खाडीपलीकडच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं. तो वेडा ठरला की आबांवर काही येत नव्हतं, आणि वेड्यावर खटला चालत नव्हता. शेषरावला दुसरीकडे खोली मिळवून दिली म्हणे. तो आणि कमलताई कुठे गेले ते मला कळलं नाही. आई त्या काळात एकच वाक्य आबांना बोलली, तेही त्यांच्या पानात आमटी वाढताना. “तो शाना असता ना, तर आज तुमी आत असता.” आबा जेवत राहिले.

जीप आली तेव्हा काका अंगणात माझ्याजवळ बसला होता. आबांना त्याच्याशी काहीतरी बोलायलाच हवं होतं. ते म्हणाले, “जोमा, तुझा घर बदलाचा हाय. तुला नवी खोली मिळाली.”

त्याचा चेहरा उजळला. इतकी वर्षं त्याने दुसऱ्यांचीच घरं बदलली होती. तो वाकून आत गेला. जीपबरोबर आलेल्या दोघांना वाटलं तो लपतोय, आणि त्यांच्या हातात दोरी होती. त्याची ताकद त्यांना सांगून ठेवलेली असणार. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर आजीचा तांब्याचा हंडा होता, काठोकाठ भरलेला. त्या दोघांतला एक म्हणाला, हे चालणार नाही. आई पुढे झाली. तिने त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्याने दोरी जीपमध्ये टाकली. काका मागच्या बाकावर बसला, हंडा मांडीवर धरून. बाहेर झुकून मला म्हणाला, “बाय, पट्टी घे. दरवाजा मापाला ये.” आमच्या गावातून हमरस्त्यापर्यंत तेव्हा खड्डेच खड्डे होते. जीप दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते. पाणी सांडू नये म्हणून तो प्रत्येक खड्ड्याला हंडा उचलून धरत होता.

आबांनी तिथे जायला बंदी केली नव्हती, पण नेतही नव्हते. आई आणि मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पावसाळा संपत आला होता. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि चिंबोऱ्यांचं कालवण होतं. पट्टी माझ्या दप्तरात होती. वॉर्डातला माणूस आम्हाला बघून आधी कुरकुरला. म्हणाला, तुमचा माणूस तसा गरीब आहे, मारत नाही, ओरडत नाही, पण रोज सकाळी उठून लोखंडी पलंग सरकवतो, माणसं झोपलेली असताना, पलंगासकट. चौघांना न हलणारे पलंग. भिंतीजवळ जागा करतो आणि तिथे कोणाला बसू देत नाही. आम्ही परत सरकवतो, तो परत जागा करतो.

काका बारीक झाला होता. केस कापले होते. त्याने भाकरी घेतली नाही, आधी माझा हात धरून दाराशी नेलं. मी दाराचं माप घेतलं. बेचाळीस इंच.

“सामान कवा येल?” त्याने विचारलं.

आईने तोंड फिरवलं. मी म्हणाले, येईल.

मग तो मला त्या रिकाम्या जागेकडे घेऊन गेला. खिडकीखाली त्याचा पलंग होता, उजेडाकडे. जवळ हंडा, झाकण घातलेला. आणि हंड्यापलीकडे भिंतीला लागून त्याने राखलेली ती फरशी. मी वाकून पट्टी लावली. रुंदी छत्तीस, खोली एकोणीस. घरचं आमचं कपाट तिथे बरोबर बसलं असतं.